फ्लेक्स छापायचाय? आधी तो उतरवायचा दिवस ठरवा

कोल्हापुरात राजारामपुरीत गाळा मिळाला, फर्निचर उरकलं, उद्घाटनाची तारीख ठरली, की पुढचा फोन फ्लेक्सवाल्याला जातो. "दहा बाय वीसचा एक मारा, आणि चौकात लावायला सहा बाय चारचे दहा." लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात मी १२ वर्षं डिझाइनला बसलो, असले फोन हजारांनी घेतले असतील. "हा काढायचा कधी, आणि काढून टाकायचा कुठं?" असं विचारणारी माणसं मात्र दोन-तीनच आठवतात. त्यातले एक शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. त्यांनीही विचारलं ते उतरवलेला फ्लेक्स अडतीच्या गळक्या पत्र्याखाली बांधायचा होता म्हणून.

हे लिखाण नव्याने धंदा सुरू करणाऱ्यांसाठी आहे: दुकान, क्लास, हॉटेल, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात छोटा कारखाना. जाहिरात करू नका असं मी सांगणार नाही, माझं पोट त्यावरच चाललं. पण मोठ्या छपाईतला निम्मा कचरा मशीनवर नव्हे, ऑर्डर देताना तयार होतो, आणि ऑर्डर तुम्ही देता.

आधी हा माल काय आहे ते बघा

जुन्या फ्लेक्सचा एक कोपरा फाडून बघा. आत बारीक दोऱ्यांची जाळी दिसेल. ती पॉलिएस्टरची. तिच्या दोन्ही बाजूंना पीव्हीसीचा थर चिकटवलेला असतो. फ्लेक्स टिकाऊ होतो तो या जोडीमुळे, आणि भंगारवाला त्याला हात लावत नाही तोही या जोडीमुळेच. दोन वेगळी प्लास्टिकं एकमेकांना अशी चिकटलेली की सुटी करायचा खर्च मालाच्या किमतीपेक्षा जास्त. पाण्याची बाटली विकली जाते, फ्लेक्स विकला जात नाही.

जाळायचा तर अजिबात नाही. शुद्ध पीव्हीसीच्या वजनात ५७ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं. उघड्यावर जाळलं की त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा धूर निघतो आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. वीटभट्टी असो, गुऱ्हाळाचं चुलवण असो की दुकानामागची शेकोटी, "थोडाच तर आहे" म्हणून कुणाला देऊ नका.

आता वजन काढू. १० बाय २० फूट म्हणजे २०० चौरस फूट, सुमारे १८.६ चौरस मीटर. फ्लेक्स २८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला २८० ग्रॅमचा धरला, तर एका बॅनरचं वजन ५ किलो २०० ग्रॅम भरतं. शिवाय चौकातले दहा छोटे. ६ बाय ४ चे दहा म्हणजे २४० चौरस फूट, वर आणखी सव्वासहा किलो. एका उद्घाटनाला साडेअकरा किलो प्लास्टिक, आणि तेही चार दिवसांसाठी.

कायद्याचंही सांगून ठेवतो, कारण दुकानात यावर अर्धवट माहितीवर भांडणं होतात. १ जुलै २०२२ पासून देशभर ज्या एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तू बंद झाल्या, त्यात १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक किंवा पीव्हीसी बॅनरही आहेत. आपला नेहमीचा फ्लेक्स त्याहून जाड असतो, त्यामुळे तो त्या यादीतून सुटतो. सुटतो म्हणजे चांगला ठरतो असं नाही. केरळने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवरच बंदी आणली. आपल्याकडे तशी वेळ आली तर तुमचा सगळा प्रचार एकाच मालावर उभा नसलेला बरा.

पायरी १: तारीख लिहा

कागद घ्या आणि प्रत्येक बॅनरपुढे तो किती दिवस लागणार ते लिहा. उद्घाटन, ४ दिवस. दिवाळी ऑफर, १५ दिवस. दुकानाची पाटी, ५ वर्षं. वजनकाट्याशेजारचा भावफलक, दर आठवड्याला बदल. हे लिहिलं की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. ४ दिवसांच्या कामाला ३ वर्षं टिकणारा माल कशाला, आणि ५ वर्षांच्या पाटीला दर पावसाळ्यात फाटणारा फ्लेक्स कशाला?

त्याच कागदावर दुसरा रकाना: काढणार कोण. नाव लिहा. "फ्लेक्सवालाच काढेल" असं धरून चालू नका. लावायची मजुरी ठरते तेव्हा उतरवायची ठरलेली नसते, आणि मग तुमच्या उद्घाटनाचा बॅनर पुढच्या वळवाच्या पावसापर्यंत विजेच्या खांबावर लोंबकळतो. ऑर्डर देतानाच उतरवून परत आणून द्यायची मजुरी धरून घ्या. फार होत नाही, कारण पोरगा आणि शिडी त्यांचीच असते.

पायरी २: संख्या कमी करा, पाटी रंगवून घ्या

चौकातल्या दहा फ्लेक्सांचं खरं काम काय? बहुतेक वेळा मित्रांना आणि घरच्यांना दिसावेत एवढंच. सकाळी लावलेला बॅनर दुपारी दुसऱ्याच्या वाढदिवसाखाली झाकला जातो. विनापरवाना असेल तर महापालिकेची गाडी उचलून नेते, आणि दंड झालाच तर वर छापलेल्या नंबराच्या माणसाला, म्हणजे तुम्हाला. दहाच्या जागी परवानगी काढून, मोक्याच्या जागी दोन लावा. उरलेल्या पैशात दुकानाची कायमची पाटी चांगली होईल.

आणि ती पाटी रंगवून घ्यायचा विचार नक्की करा. आपलं गाव कलापूर म्हणवतं ते उगाच नाही. नाटकाचे पडदे रंगवणारे आणि पुढे सिनेमाची चित्रपोस्टरं हाताने घडवणारे बाबूराव पेंटर इथलेच. अजूनही मंगळवार पेठेत, गंगावेशीकडे चौकशी केली तर ब्रशने अक्षर लिहिणारा पेंटर सापडतो. नाही सापडला तर कलानिकेतन किंवा दळवीज आर्ट्स या कलाशिक्षणाच्या संस्थांमधली मुलं आहेत. शटरवर, भिंतीवर किंवा पत्र्यावर चांगल्या ऑइलपेंटने लिहिलेलं नाव वर्षानुवर्षं राहतं, फिकट झालं तर त्यावरच पुन्हा हात फिरवता येतो, आणि उतरवून टाकायला काही उरत नाही. शिवाय शेजारच्या वीस छापील पाट्यांत हाताचं अक्षर उठून दिसतं. पेंटरला रांग नसते तेव्हा सांगा. गणपतीच्या आधी महिनाभर त्याला वेळ नसतो.

पायरी ३: माल निवडा

इथे जरा थांबूया, कारण सगळा गोंधळ इथेच होतो. दुकानदार विचारतो, "फ्लेक्स की विनाइल?" आणि दोन्ही पीव्हीसीच असतात. स्टँडीमागचा पांढरा सनबोर्ड? तोही पीव्हीसीचा फेसाळ पत्रा. गाडीच्या काचेवरचं वन-वे व्हिजन? बहुतेक वेळा तेही. नावं चार, माल एक.

पर्याय काय आहेत ते कामानुसार सांगतो.

दुकानाच्या आत, थोड्या दिवसांसाठी: कागद. जाड पोस्टर पेपरवर छापलेली ऑफर आतल्या भिंतीवर १५ दिवस आरामात राहते आणि नंतर रद्दीत जाते. फक्त त्यावर प्लास्टिकचं लॅमिनेशन करू नका. केलं की रद्दीवाला तो बाजूला काढतो. सनबोर्डच्या जागी कोरूगेटेड किंवा हनीकोंब बोर्ड मागा. आत मधमाशीच्या पोळ्यासारखी कागदी जाळी असते, वजनाला हलका, उभा राहतो, कापताही येतो. कोल्हापुरात प्रत्येक दुकानात मिळेलच असं नाही, दोन-चार दिवस आधी सांगून ठेवावं लागतं.

बाहेर, कोरड्या दिवसांत: कापड. आणि इथे आपलं नशीब जोरावर आहे. इचलकरंजी अर्ध्या-पाऊण तासावर. जिथून देशभर कापड जातं, त्या जिल्ह्यात बसून आपण बाहेरून आलेला पीव्हीसी रोल उलगडतो याचं मला नेहमी हसू येतं. सुती कापडावर छपाई होते, पण काही गोष्टी माहीत असू द्या. पन्हा लहान असेल तर मध्ये जोड येतो, म्हणून डिझाइन करताना जोडाच्या रेषेवर चेहरा किंवा फोन नंबर ठेवू नका. रंग फ्लेक्सइतके झगझगीत येत नाहीत, जरा मंद दिसतात. मला तेच आवडतं, पण तुमचा लाल बोर्ड लालभडक हवा असेल तर आधी वीतभर तुकडा छापून बघा. आणि सुती कापड पावसात पाणी पितं, जड होऊन झोळ पडतो, बुरशीचे काळे ठिपके येतात. जून ते सप्टेंबर बाहेर सुती कापड लावायचं नाव काढू नका. दिवाळी ते मे हा त्याचा हंगाम.

पॉलिएस्टर कापड, ज्याला दुकानात फ्लॅग कापड म्हणतात, ते पाण्याला घाबरत नाही. वजन फ्लेक्सच्या निम्म्याहूनही कमी. ११० जीएसएमचं धरलं तर आपला १० बाय २० चा बॅनर ५ किलो २०० ग्रॅमवरून जेमतेम २ किलोवर येतो. घडी घालून पिशवीत मावतो, धुता येतो, पुन्हा लावता येतो. तेही प्लास्टिकच आहे, पण कमी आणि पुन्हा पुन्हा वापरता येण्याजोगं. याचं उत्तम उदाहरण शाहू स्टेडियमवर बघायला मिळतं. फुटबॉलचा हंगाम आला की पाटाकडील, शिवाजी, खंडोबा या संघांच्या समर्थकांचे झेंडे निघतात. तेच झेंडे पुढच्या हंगामात पुन्हा निघतात. कुणी दर सामन्याला नवा झेंडा शिवत नाही, कारण त्यावर तारीख नसते.

उजेडाची पाटी, म्हणजे ग्लो साइन: अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेममध्ये कडेने खोचायचं बॅकलिट कापड मिळतं. फ्रेम कायम, कापड बदलायचं. पहिला खर्च जास्त, दुसऱ्या वर्षापासून फरक कळतो. आत जुन्या ट्यूब असतील तर एलईडी घाला आणि टायमर लावा. रात्री १ वाजता तुमची पाटी बघायला भटकी कुत्रीच असतात.

पावसात बाहेर मोठा बॅनर हवाच असेल तर पॉलीइथिलीनचा, म्हणजे पीई बॅनर मिळतो का विचारा. एकाच जातीचं प्लास्टिक असल्याने त्यावर पुन्हा प्रक्रिया करणं सोपं जातं. पण खात्री करा की घेणारा कुणी आहे. नसेल तर तोही शेवटी झूम प्रकल्पावर, म्हणजे शहराच्या कचरा डेपोतच जाणार.

आणि "बायोडिग्रेडेबल फ्लेक्स" म्हणून कुणी जास्त दर लावत असेल तर दोन प्रश्न विचारा. कुठल्या परिस्थितीत कुजतो, आणि किती दिवसांत? कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठी आपल्याकडे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक आहे आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. कागद दाखवा म्हणा. नाही दाखवला तर नेहमीच्या दरात नेहमीचा फ्लेक्स घेतलेला परवडला, निदान फसवणूक तरी होत नाही. हेच उलट बाजूनेही लागू आहे. तुम्हीच आपल्या बॅनरवर "१०० टक्के इको-फ्रेंडली" छापणार असाल, तर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा मोघम दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आणली आहेत. दावा केला की पुरावा द्यावा लागतो. "कापडावर छापलेलं, पुन्हा वापरणार" एवढंच लिहा. खरं आहे आणि पुरतं.

महाग पडतं का? चौरस फुटाच्या दराने बघितलं तर हो. दर दिवसाने बघा. समजा, फ्लेक्स १२ रुपये चौरस फूट पडला, २०० फुटांचे २,४०० रुपये, आणि १५ दिवस लागला. दिवसाला १६० रुपये. समजा, पॉलिएस्टर कापड ४५ रुपयांनी पडलं, ९,००० रुपये. पण तारीख न टाकता छापलं आणि पाडवा, गणपती, दसरा, दिवाळी अशा चार वेळा १५-१५ दिवस लावलं, तर दिवसाला १५० रुपये. हे आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या दुकानातले दर घालून तुम्हीच मांडा. कापड तीनदाच वापरलं तर गणित तोट्यात जातं हेही त्यात दिसेल. म्हणून ते सांभाळायची तयारी नसेल तर घेऊच नका.

पायरी ४: शाई विचारा

छपाईच्या दुकानात पाऊल टाकलं की डोक्यात जाणारा जो वास येतो, तो सॉल्व्हंट शाईचा. रंग पातळ करायला त्यात उडून जाणारी द्रव्यं असतात, सायक्लोहेक्झॅनोन त्यातलं एक. शाई सुकते म्हणजे ते द्रव्य हवेत जातं, आणि तिथे मशीनवर बसलेल्या पोराच्या नाकात. मी पहिली दोन वर्षं रोज संध्याकाळी डोकं धरून घरी जायचो. आई म्हणायची चष्म्याचा नंबर बघ. नंबर ठीक होता.

इको-सॉल्व्हंट शाईत उडणारी द्रव्यं सौम्य असतात, वास बराच कमी. पण "इको" नावावर जाऊ नका, ती पाण्याची शाई नाही. बाहेरच्या कामाला दोन-तीन वर्षं टिकते आणि कोल्हापुरात सहज मिळते, म्हणून सॉल्व्हंटऐवजी ती मागणं ही सगळ्यात सोपी पहिली पायरी.

लॅटेक्स शाई पाण्यावर आधारित. एचपीने २००८ मध्ये ती बाजारात आणली. नावात लॅटेक्स असलं तरी रबराच्या झाडाच्या चिकाशी तिचा संबंध नाही, कृत्रिम पॉलिमरचे कण असतात. वास जवळजवळ नाही, त्यामुळे दवाखाना, बालवाडी, हॉटेलची आतली भिंत याला मी हीच सुचवतो. तिला पक्की करायला उष्णता लागते, म्हणून वीज जास्त खाते.

यूव्ही शाई उजेडाने जागेवरच कडक होते, हवेत फारसं काही उडत नाही. कोरूगेटेड बोर्ड, लाकूड, पत्रा यांवर थेट छापता येतं, म्हणजे मध्ये विनाइल चिकटवायची गरजच संपते. पाऱ्याच्या दिव्याचं मशीन आहे की एलईडीचं, ते विचारा. एलईडी वीज कमी घेतं आणि त्यात पारा नसतो. कच्ची यूव्ही शाई मात्र कातडीला त्रास देते, ऑपरेटरच्या हातात ग्लोव्हज नसतील तर मालकाला सांगायला लाजू नका.

पॉलिएस्टर कापडावर बहुतेक सब्लिमेशन होतं. पाण्यावरची शाई, साधारण २०० अंशांच्या उष्णतेने धाग्यात मुरवायची. रंग धुतला तरी जात नाही. ट्रान्सफर पेपर वापरला तर तो कागद मागे उरतो, तेवढा हिशेबात धरा.

गिऱ्हाइकाने हे सगळं पाठ करायची गरज नाही. "शाई कुठली वापरता?" एवढंच विचारा. आमच्याकडे वर्षात पाच जणांनी विचारलं असतं, तर मालकाने मशीन बदलायचा विचार दोन वर्षं आधी केला असता.

पायरी ५: डिझाइन करतानाच वाचवा

रोल ठरावीक रुंदीचे येतात: ३, ४, ५, ६, ८, १० फूट. तुम्ही ७ फूट रुंदीचा बॅनर सांगितला की तो ८ च्या रोलवर जातो आणि कडेची फूटभर पट्टी कापून कोपऱ्यात पडते. २० फूट लांबी असेल तर २० चौरस फूट, म्हणजे मालाचा आठवा हिस्सा. पैसे त्याचेही तुम्हीच देता, कधी उघड, कधी दरात मिसळून. तेव्हा जागा मोजायच्या आधी दुकानात विचारा, "कुठला रोल आहे?" आणि फ्रेमच त्या मापाची करून घ्या. चार छोटे बॅनर असतील तर एकाच रोलवर शेजारी-शेजारी बसवून घ्यायला सांगा, ऑपरेटरला ते दोन मिनिटांचं काम आहे.

शाई वाचते ती पांढऱ्या जागेत. काळ्या किंवा गडद निळ्या पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षर ही आपली आवड मला ठाऊक आहे, पण असा बॅनर शाईने अक्षरशः न्हाऊन निघतो. सुकायला वेळ, गुंडाळला की चिकटतो. पांढऱ्यावर ठळक काळं-लाल अक्षर तावडे हॉटेलच्या चौकातून येणाऱ्या गाडीवाल्याला जास्त लवकर वाचता येतं. रिझोल्यूशनचंही तसंच. ५० फुटांवरून बघायच्या होर्डिंगला जवळून बघायच्या पोस्टरइतके पास, म्हणजे छपाईच्या हेडच्या फेऱ्या, लागत नाहीत. कमी पास म्हणजे मशीन कमी वेळ चालणार, वीज कमी. दुकानवाल्याला अंतर सांगा, पास तो ठरवेल.

चुका हा कचऱ्याचा सगळ्यात मोठा झरा, आणि याबद्दल मी बोलायचा हक्क कमावला आहे. कामाच्या पहिल्याच वर्षी एका साडीच्या दुकानाचा २० बाय १० चा बॅनर छापला, त्यात "शुभारंभ" ऐवजी "शुभांरभ". अनुस्वार एक घर अलीकडे सरकलेला. गिऱ्हाइकाने व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा पाठवला होता, मी वाचलं नव्हतं, त्यांनीही नव्हतं. रात्री ११ वाजता लावताना पानटपरीवाल्याने चूक दाखवली. ५ किलो पीव्हीसी आणि माझा अर्धा पगार गेला. तेव्हापासून नियम: ए-फोर कागदावर प्रिंट काढायची, आणि ज्याने डिझाइन बघितलेलं नाही अशा माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यायची. मोबाइल नंबर लावून बघायचा. रंगाची शंका असेल तर वीतभर तुकडा त्याच मालावर त्याच मशीनवर.

तारीख आणि ऑफर मुख्य बॅनरवर छापू नका. दुकानाचं नाव, काम, पत्ता, नंबर एवढं मुख्य बॅनरवर. "दसरा ऑफर, २० टक्के सूट" याची वेगळी फूटभर रुंदीची पट्टी करा आणि बॅनरच्या खालच्या कडेच्या रिंगांना बांधा. सण बदलला की पट्टी बदलायची. पापाची तिकटीला चपलांच्या एका दुकानाला मी असं करून दिलं. ती मुख्य पाटी तीन वर्षं चालली. पट्ट्या कागदी बोर्डावर त्यांच्या मुलीने हातानेच रंगवल्या.

पायरी ६: नीट लावा

निम्मे बॅनर मुदतीआधी मरतात ते वाऱ्याने. एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर वळीव उठतो आणि चार कोपऱ्यांना सुतळी बांधलेला बॅनर शिडासारखा फुगून रिंगांसकट फाटतो. कडा दुमडून वेल्ड किंवा शिवण मारून घ्या, रिंगा दीड-दोन फुटांवर, आणि ताण सगळीकडून सारखा. उंचावर मोठा असेल तर जाळीचा माल घ्या, वारा आरपार जातो. नुसता फ्लेक्स फाटला तर पैसे जातात, सांगाडा पडला तर माणसं जातात. १३ मे २०२४ रोजी घाटकोपरला वादळात होर्डिंग कोसळून १७ जणांचा जीव गेला. उंचावरच्या सांगाड्याला परवानगी आणि अभियंत्याचं स्थैर्य प्रमाणपत्र घेतल्याशिवाय त्यावर पैसे घालू नका. झाडाला खिळा ठोकायचा नाही, हे वेगळं सांगायला नको, पण दरवर्षी सांगावं लागतं.

छपाईचाच धंदा सुरू करणार असाल तर

तुमच्यासाठी थोडं वेगळं. मशीन धुतल्याचं सोल्यूशन आणि वाया गेलेली शाई गटारीत ओतू नका. शहरातल्या गटारी जयंती नाल्याला मिळतात, जयंती नाला पंचगंगेला, आणि पंचगंगेचं पाणी पुढे इचलकरंजी-शिरोळकडची माणसं पितात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत असा माल येतो. झाकणाचा ड्रम, त्यावर लेबल, आणि अधिकृत उचलणाऱ्याकडेच द्यायचा. प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कार्यालय कोल्हापुरात आहे, मशीन घ्यायच्या आधी तिथे जाऊन या, नंतर नोटीस घेऊन जाण्यापेक्षा बरं. जागा घेताना पूररेषा बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पाणी ज्या गाळ्यांत शिरलं, तिथे शाईचे कॅन तळाला ठेवणं म्हणजे नदीत ओतण्यासारखंच. राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याला टेकली की कॅन माळ्यावर चढवायची सवय लावा, ४३ ची धोका पातळी यायची वाट बघू नका.

मशीन रोज चालू ठेवा, थोडं का होईना. हेड सुकलं की ते मोकळं करायला जेवढी शाई फ्लश करावी लागते, तेवढ्यात एक छोटा बॅनर निघतो. आणि एक्झॉस्ट फॅन लावा, भिंतीच्या वर नाही, मशीनच्या जवळ.

पायरी ७: उतरवला, आता?

बॅनर सुतळी सोडून काढायचा, ब्लेडने कापून नाही. घाईत ब्लेड मारतात आणि रिंगा गेल्या की पुन्हा लावायचा प्रश्नच मिटतो. कापड असेल तर पूर्ण वाळवून घडी, फ्लेक्स असेल तर छापलेली बाजू बाहेर ठेवून नळीवर गुंडाळायचा. घडी घातली की चिरा पडतात. मागच्या बाजूला मार्करने माप आणि महिना लिहा. हे लिहिलं नाही की पुढच्या वर्षी कुणी उलगडून बघत नाही, सरळ नवा छापतात.

पुन्हा वापरायचा नसेल तर आधी स्वतःच्या गरजा बघा: गोडाऊनमध्ये मालाखाली, टेम्पोवर, रंगकाम करताना फरशीवर. कापडाच्या पिशव्या शिवून घ्या, बचत गटातल्या बायका शिवून देतात, आणि तुमचंच नाव बाजारभर फिरतं. फ्लेक्सच्याही पिशव्या होतात, पण भाजीला नकोत. पीव्हीसी मऊ करायला घातलेली रसायनं आणि वरची शाई खाण्याला लागलेली बरी नव्हे. त्याच कारणाने त्यावर धान्य, पापड, कुरडया वाळवायच्या नाहीत, पाण्याच्या टाकीत अस्तर म्हणून घालायचा नाही, आणि जनावर चघळेल अशा ठिकाणी बांधायचा नाही.

करवीर, पन्हाळ्याकडच्या गावांत जुन्या फ्लेक्सला पावसाळ्याच्या तोंडावर झाकायला मागणी असते: जळण, शेणीचा म्हणजे गोवऱ्यांचा ढीग, विहिरीवरची मोटर. ज्याने मागितला त्यालाच द्या, ट्रॉलीभर नेऊन टाकू नका. तुकडे पडायला लागले की झाकण म्हणून त्याचा उपयोग संपतो आणि शेतात कण उरतात, तेव्हा फाटायच्या आधी गोळा करून कचरागाडीत द्यायला सांगा. आणि देताना आणखी एक सांगा: पांढरी बाजू वर. उन्हात कमी तापतो हे एक. दुसरं म्हणजे आमच्या एका क्लासवाल्या सरांचा फ्लेक्स वडणगेकडे शेणीच्या ढिगावर छापलेली बाजू वर करून दोन पावसाळे होता. बॅच बंद होऊन वर्ष झालं तरी प्रवेशासाठी फोन येत होते, आणि एकाने शेणी काय भावाने देता म्हणून विचारलं.